बॉण्डवरचे प्लॉट आणि भिंतीवरचा जुना नकाशा: बेळगाव परिसरातल्या घरांबद्दल

कंग्राळीकर (धागा)

गेल्या महिन्यात बाबांचं कपाट आवरताना एक बॉण्ड, म्हणजे प्लॉटच्या खरेदीचा स्टॅम्पवर लिहिलेला बिननोंदणी करार, हाताला लागला. शंभर रुपयांचा स्टॅम्प, चार घड्यांचा, मधल्या घडीवर फाटलेला आणि मागून सेलोटेप लावलेला. मजकूर कन्नडमध्ये टाइप केलेला, खाली दोन पंचांच्या सह्या आणि विकणाऱ्याचा अंगठा. 'अमुक सर्व्हे नंबर, तमुक हिस्सा, पैकी ३० बाय ४० ची खुली जागा, पूर्वेस २० फुटी रस्ता.'

धाकट्या भावाचं लग्न ठरलंय, त्याला तिथे घर बांधायचंय. म्हणून दोघं टेप घेऊन गेलो. तो २० फुटी रस्ता जागेवर ११ फूट भरला. पुढच्या वळणावर तर नऊच. दोन्ही बाजूंच्या लोकांनी पायऱ्या पुढे काढल्यात, एकाने पाण्याची टाकी ठेवलीय. त्यांचा तरी काय दोष? रस्ता फक्त बॉण्डवर लिहिलेला, सरकारदरबारी तो रस्ता कुठेच नाही.

मग बँक. साहेबांनी तीनच प्रश्न विचारले. एनए (बिगरशेती) आहे? ले-आउट मंजूर आहे? खातं (मालमत्तेची नोंद) तुमच्या नावावर आहे? तिन्हीला उत्तर नाही. उताऱ्यावर अजून मूळ मालकाचंच नाव. तो वारला, मागे सात वारस. त्यातले दोघे पुण्याला, एक बहीण लग्न होऊन हलियाळला.

एका कार्यालयात जाऊन मी शहराच्या विकास आराखड्याचा, म्हणजे मास्टर प्लॅनचा, नकाशा बघितला. भिंतीवर लावलेला, खालचा कोपरा ओलीने फुगलेला. पिवळा म्हणजे राहण्याचा भाग, हिरवा म्हणजे शेती. पिवळा रंग आमच्या वळणाच्या बराच अलीकडे संपतो. आमच्या प्लॉटवर हिरवा. आज तिथे दोन गल्ल्या भरून घरं आहेत, पिठाची गिरणी आहे, गणपतीचं मंडळ आहे, सकाळी साडेसातला शाळेची गाडी येऊन थांबते. नकाशावर मात्र तिथे अजून भात पिकतंय.

घरी आल्यावरही तो हिरवा रंग डोळ्यांपुढून जाईना. बाबांनी पैसे वाचवायला आडवाट धरली असं मला लहानपणापासून वाटायचं. आता कळतंय की त्या वेळी त्यांना परवडेल अशी सरळ वाटच नव्हती. मंजूर ले-आउटमधल्या साईटचा, म्हणजे प्लॉटचा, दर कारखान्यात काम करणाऱ्या माणसाच्या आवाक्याबाहेर गेला होता, कारण पिवळ्या भागात जागाच थोड्या. शहर वाढत होतं. उद्यमबाग आणि मच्छेला कारखाने होते, १९९८ ला व्हीटीयू हे तंत्रशिक्षणाचं विद्यापीठ आलं, २०१२ ला हलग्याजवळ सुवर्ण विधानसौध ही विधिमंडळाची इमारत उभी राहिली. शिवाय बाहेरच्या माणसाचं सोडा, आपल्याच गावात चार भावांच्या वाटण्या होऊन चार चुली झाल्या की तीन घरं नवी लागतात. ती बांधायची कुठे हे कुणीतरी आधी कागदावर ठरवायला हवं की नको?

ठरवायचा कायदा आहे. कर्नाटक नगर व ग्राम नियोजन कायदा १९६१ चा. त्याच्या १३-डी कलमात १० वर्षांतून किमान एकदा नव्याने सर्वेक्षण करून आराखड्याचा आढावा घ्यायची तरतूद आहे. आज लागू असलेला कुठलाही आराखडा घ्या, त्याच्या मुळाशी फार तर २०११ च्या जनगणनेचा आकडा असणार. त्यात बेळगाव महापालिका हद्दीत ४ लाख ८८ हजार माणसं होती. २०२१ ची जनगणना झालीच नाही, ती आता २०२७ ला होतेय. म्हणजे आज पाळण्यात असलेलं बाळ आणि परवा आठवीत गेलेलं पोरगं, दोघांनाही मोजल्याशिवाय आपण त्यांच्या घरांबद्दल बोलतोय.

मला इथे एकच गोष्ट मांडायची आहे. आराखडा वेळेवर बदलला नाही म्हणून घरं बांधायची थांबत नाहीत, ती शिवारात बॉण्डवर होतात. मग ११ फुटी रस्त्यावर, गटाराशिवाय, सात वारसांच्या उताऱ्यावर आपण आयुष्य काढतो. आपल्याकडे 'मास्टर प्लॅन' म्हटलं की रस्ता रुंदीकरणात कुणाचं घर गेलं, एवढंच आठवतं. घर कुठे होऊ द्यायचं हेही त्यातच ठरतं, हे मला चाळिशीत कळलं.

आपापल्या गावचे अनुभव लिहा. माहितगारांनी चुकलं तिथे दुरुस्त करा.

---

खानापूरकर_बाळू

दादा, अगदी आमचीच गोष्ट लिहिलीत. खानापूर तालुक्यात शहर नसलं तरी हेच. गावठाण आजोबांच्या वेळेला भरलं. आता ज्याचं घर होतं ते त्याच्या स्वतःच्या शेतात. ग्रामपंचायत घरपट्टी घेते, नळ देते, पण ई-स्वत्तूचा (पंचायतीच्या ऑनलाइन मालमत्ता नोंदीचा) ९ आणि ११ नंबरचा उतारा मागितला की 'जागा गावठाणात नाही' असं उत्तर मिळतं. तो उतारा नाही म्हणून कर्ज नाही, आणि कर्ज नाही म्हणून भिंती अर्ध्यावर. आमच्या गावात पाच घरं अशी आहेत, लिंटेलपर्यंत आलेली आणि वर पत्रे टाकलेली. पावसाळ्यात आमच्याकडे काय पाऊस असतो तुम्हाला ठाऊक आहे. पत्र्यावरच्या आवाजात पोरांना अभ्यास करता येत नाही.

गावठाणवाढ हा शब्द मी ग्रामसभेत तीनदा मांडला. दर वेळेला ठराव होतो आणि वहीत राहतो.

---

शिवारकरी

सगळ्यांना नमस्कार. मी शहापूर शिवारातला शेतकरी. मला हा धागा वाचून काळजी वाटली, ती मोकळेपणी लिहितो.

आराखडा नवा करा म्हणजे काय करा? हिरव्याचं पिवळं करा. आमच्या शिवारात बासमती पिकतो. बेळगावच्या बासमतीचा वास काय असतो ते ज्यांच्या घरी शिजतो त्यांनाच विचारा. सुगीनंतर त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा घेतो. पाणी द्यावं लागत नाही, जमीनच ओल धरून ठेवते. अशी काळी जमीन एकदा गेली की परत येत नाही. हलगा-मच्छे बायपाससाठी उभ्या पिकात मशिनी घातलेल्या आम्ही डोळ्यांनी बघितल्या. बायका बांधावर आडव्या झाल्या होत्या. आता रिंगरोडचं डोक्यावर आहे. दर वेळेला कागदावर एक रेघ येते आणि त्या रेघेखाली आमचं शेत असतं.

दुसरं. बळ्ळारी नाल्याच्या काठची जमीन पावसाळ्यात आठ-आठ दिवस पाण्याखाली असते. रोपं कुजतात, दुबार लावण करावी लागते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिवार कुठलं आणि नाला कुठला हे कळत नव्हतं. तरी त्याच नाल्याच्या अंगाला भराव टाकून प्लॉट पडताहेत. भराव टाकला की पाणी आमच्याकडे ढकललं जातं.

तुमच्या भावाला घर मिळावं हे मलाही वाटतं. माझ्याही मुलाला उद्या लागणार आहे. पण नवा आराखडा म्हणजे शेतकऱ्याच्या ताटातलं काढून घेणं, हा आमचा आजवरचा अनुभव आहे.

---

अनगोळची_लेक

शिवारकरी काका, तुमचं दुःख पोचलं. माझंही ऐका.

सासर जुन्या गल्लीत. घर आजेसासऱ्यांचं, १४ नावं लागलेली. तीन दिरांचे तीन संसार, संडास एक. वरती मजला चढवायचा तर सगळ्यांची संमती हवी, शिवाय गल्ली इतकी अरुंद की नियमाप्रमाणे बाजूला जागा सोडायची म्हटली तर खोलीच उरत नाही. म्हणून भाड्याने बाहेर पडलो. दर ११ महिन्यांनी करार आणि दर वेळेला भाडं वर. माझ्या नावावर एक छोटी साईट घ्यायची म्हणून सोसायटीत सात वर्षं पैसे टाकतेय. मागच्या वर्षी एजंटाने येळ्ळूर रोडच्या बाजूला जागा दाखवली. जागा छान, वारा छान. कागद मागितला तर बॉण्ड. मी म्हटलं खरेदीपत्र? तो म्हणाला, 'वहिनी, नंतर होतंय की. सगळे असंच घ्यायला लागलेत.'

मी घेतली नाही. पण खरं सांगते, परत येताना रिक्षात रडू आलं.

---

नकाशावाली

मी आर्किटेक्ट आहे, नियोजनाचंही थोडं काम केलं आहे. काही गोष्टी स्पष्ट करते, कारण भीती आणि आशा दोन्ही चुकीच्या जागी जाऊ नयेत.

आराखड्यात जमिनीला रंग दिला म्हणजे ती सरकारने घेतली असं होत नाही. संपादन हा वेगळा कायदा आहे, २०१३ चा, नोटीस-मोबदला सगळं त्यात. रंग फक्त सांगतो की इथे काय करायला परवानगी मिळेल. बाग, शाळा, मैदान, रस्ता अशा सार्वजनिक कामासाठी राखलेल्या जागांचं मात्र वेगळं. तिथे मालकाचे हात बांधले जातात. त्यासाठी १९६१ च्याच कायद्यात ६९ वं कलम आहे. राखून ठेवलेली जागा ५ वर्षांत घेतली नाही तर ते आरक्षण संपतं. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ शेतकऱ्यांना हे माहीत नसतं.

कंग्राळीकरांनी १३-डीचं बरोबर लिहिलंय. त्याच्या जोडीला १३ वं कलम वाचा. आराखडा तात्पुरता मंजूर होऊन प्रसिद्ध झाला की लोकांना सूचना आणि आक्षेप द्यायला ६० दिवस असतात. आपल्या गावांतून त्या ६० दिवसांत काय येतं? बहुतेक वेळा काही नाही. कारण नकाशा बघायला शहरात जावं लागतं, तो कन्नड-इंग्रजीत असतो, आणि आपला सर्व्हे नंबर त्यात शोधायलाच अर्धा दिवस जातो. जे बिल्डरच्या वतीने येतात त्यांना मात्र आपला हिस्सा नंबर तोंडपाठ असतो.

अजून एक. आराखडा जुना झाला की एकेका जागेचा वापर बदलून घ्यायची वाट उरते, १४-अ कलमाची. ती कायदेशीर आहे, त्यातही जाहीर नोटीस असते. पण तिचा खर्च, चकरा आणि धीर एकट्या कुटुंबाला पेलत नाही, २० एकरवाल्याला पेलतो. म्हणून बदल तुकड्या-तुकड्यांत होतात. इथे एक ले-आउट, मग अर्धा मैल शेत, मग दुसरा ले-आउट. मधल्या शेतकऱ्याच्या बैलगाडीची वाट बंद होते, पाटाचं पाणी अडतं, शेवटी तोही कंटाळून विकतो. शिवारकरी काका, हिरव्या रंगाने तुमचं शिवार राखलंय असं मला वाटत नाही. बॉण्डवर विकणारा रंग बघतच नाही.

---

शिवारकरी

ताई, हे शेवटचं वाक्य लागलं. खरं आहे. माझ्या बांधाला लागून चार एकर गेलं ते कुठल्याही सरकारी नोटिशीने गेलं नाही. मालकाने गुंठ्यागुंठ्याने बॉण्डवर घातलं. मी जाऊन विचारलं तर म्हणाला, 'शेतात काय मिळतंय? पोरीचं लग्न काढलंय.' त्याला मी काय सांगणार?

---

येळ्ळूर_ते_रीडिंग

मूळ येळ्ळूरचा, इंग्लंडमध्ये एका कौन्सिलच्या नियोजन विभागात काम करतो. तिथलं थोडं सांगतो, तुलना करायला उपयोगी पडेल.

तिथे प्रत्येक कौन्सिलचा एक लोकल प्लॅन असतो आणि किमान दर ५ वर्षांनी त्याचा आढावा घेणं बंधनकारक आहे. शिवाय पुढच्या ५ वर्षांत लागतील तितक्या घरांना पुरेल एवढी जमीन, प्रत्यक्ष बांधता येईल अशी, दाखवावी लागते. ती दाखवता आली नाही किंवा प्लॅन शिळा झाला, तर पारडं परवानगीच्या बाजूला झुकतं. कौन्सिलने बिल्डरला नाही म्हटलं तरी तो अपील करतो आणि केंद्राचा निरीक्षक बऱ्याचदा त्याच्या बाजूने निकाल देतो. तरीसुद्धा निम्म्याहून जास्त कौन्सिलांचे प्लॅन ५ वर्षांपेक्षा जुने आहेत. कारण प्लॅन करताना कुठलं तरी शेत निवडावं लागतं आणि ते निवडायचं धाडस निवडून आलेल्या माणसाला होत नाही.

मी एका सभेला होतो. गावकऱ्यांनी सहा वर्षं प्रत्येक जागेला विरोध केला होता, त्यामुळे प्लॅन पुढे सरकलाच नाही. शेवटी अपिलात जी जागा मंजूर झाली ती गावाला सगळ्यांत नकोशी होती, ओढ्याकाठची. एक म्हातारी बाई उठून म्हणाली, आम्हाला विचारलं असतं तर आम्ही शाळेमागचं माळरान सांगितलं असतं. तिला विचारलं होतं. तेव्हा तिने माळरानालाही नाही म्हटलं होतं.

मला त्या क्षणी आमचं येळ्ळूर आठवलं. कुठे बांधायचं हे गावाने सांगितलं नाही तर ते विकणारा सांगतो. राजहंसगडाच्या पायथ्याची मुरमाड जमीन आणि खालची भाताची काळी जमीन यांत फरक काय, हे गावातल्या शेंबड्या पोराला कळतं. नकाशा काढणाऱ्याला ते कुणीतरी जाऊन सांगायला हवं.

---

निप्पाणीकर

आमच्याकडे हायवेच्या दोन्ही अंगांना जे झालंय ते बघून जा. तंबाखूच्या वखारी मोकळ्या पडल्यात, गावात मध्यावर जागा आहेत, आणि घरं मात्र हायवेपलीकडे उसात. म्हातारी माणसं दवाखान्याला यायला सहा पदरी रस्ता ओलांडतात. जुन्या वखारींच्या जागांवर राहायला परवानगी कशी मिळेल, याचाही विचार आराखड्यात व्हायला हवा. सगळं नवं शेतातच कशाला?

---

चंदगडी

सीमेपलीकडून लिहितोय. बहीण हिंडलग्याला दिलीय म्हणून या विषयाशी संबंध. आमच्या महाराष्ट्रात तर विकास योजनेचा आढावा २० वर्षांनी, १९६६ च्या कायद्याप्रमाणे. त्या मानाने तुमच्या कायद्यातली १० वर्षं बरी. पण कायद्यात १० असो नाही तर २०, वेळेवर कुठे होतं? बहिणीच्या घराचं अक्रम-सक्रममध्ये, म्हणजे अनधिकृत बांधकामं नियमित करायच्या योजनेत, होईल म्हणून त्यांनी फाईल तयार करून ठेवली होती. अजून तशीच आहे. त्याचं पुढे काय झालं कुणी सांगेल का?

---

नकाशावाली

चंदगडी दादा, अक्रम-सक्रमला सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये स्थगिती दिली. त्यावर कुणी पैसे मागत असेल तर बहिणीला सांगा, एक रुपया देऊ नका. २०२५ मध्ये शहरी हद्दीतल्या अनधिकृत मालमत्तांना बी-खातं, म्हणजे वेगळ्या वहीतली नोंद, द्यायची मोहीम निघाली. त्यामुळे कर भरता येतो, नोंद होते. पण बी-खातं म्हणजे बांधकाम मंजूर झालं असं नव्हे, हे नीट समजून घ्या.

नवीन घेणाऱ्यांनी तर आता फारच जपून राहायला हवं. ई-खात्याशिवाय, म्हणजे मालमत्तेच्या ऑनलाइन खाते-उताऱ्याशिवाय, खरेदीची नोंदणी होत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बांधकाम पूर्ण झाल्याचा, ताबा घेण्याचा दाखला असल्याशिवाय वीज, पाणी, ड्रेनेजचं कनेक्शन देऊ नये. बाबांच्या पिढीने बॉण्डवर घेतलं, पुढे मीटर मिळालं, नळ मिळाला, सगळं हळूहळू जमलं. आजच्या पोरांना ती वाट मिळायची नाही. मागचं दार बंद होत आलंय आणि पुढचं दार, म्हणजे पुरेशा मंजूर जागा, अजून उघडलेलं नाही. अनगोळच्या लेकीने ती जागा घेतली नाही हे योग्यच केलं. पण तिने जायचं कुठे, हे कुणीतरी सांगायला हवं, आणि ते सांगणं हेच आराखड्याचं काम.

---

कंग्राळीकर

सगळ्यांचं वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. काल शिवारकरी काकांना फोन केला आणि आज सकाळी त्यांच्या शिवारात जाऊन आलो.

त्यांनी मला बांधावर उभं करून हाताने दाखवलं. इथून तिथपर्यंत पावसाळ्यात पाणी चढतं, त्या बाभळीच्या खोडावर मागच्या पुराची खूण आहे. बाभळीजवळ गेलो. चिखलाची रेघ माझ्या कमरेच्या वर. आणि त्या रेघेच्या खाली, ४० पावलांवर, कुणीतरी चुन्याने प्लॉट आखलेत. कोपऱ्यांवर दगड पुरलेत, एकावर हळदकुंकू. म्हणजे कुणीतरी घेतलाय, पूजा केलीय. माझ्या बाबांसारखाच कुणीतरी.

मला त्या हळदकुंकवाचंच जास्त वाटलं. त्या माणसाला घर हवंय यात चूक काहीच नाही. पण तिथे पाणी येतं हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. विकणारा सांगणार नाही. आणि भिंतीवरच्या नकाशात मी बघितलं तेव्हा तो नाला एक बारीक निळी रेघ होती, पुराची हद्द कुठेच नव्हती.

काका म्हणाले ते जसंच्या तसं लिहितो: 'पाणी येतं ती जमीन आणि बासमतीची जमीन सोडा. तिकडे वरच्या अंगाला मुरूम आहे, काही पिकत नाही, तिथे घरं होऊ देत. आम्ही कुठे नाही म्हणतो? पण हे आम्हाला विचारलं कुणी?'

---

शिवारकरी

हो, असंच म्हणालो. एक राहिलं. मुरमाच्या जमिनीवर पाणी कसं न्यायचं, हेही बघायला हवं. आमच्या भागाला राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी. उन्हाळ्यात शहरातच चार-चार, पाच-पाच दिवसांनी नळ येतो. नुसता पिवळा रंग दिला आणि पाइप नाही, तर माणसं परत खाली, विहिरीच्या जमिनीकडेच येणार.

---

येळ्ळूर_ते_रीडिंग

काका, हा मुद्दा सगळ्यांत मोठा आहे आणि आमच्या इथले बडे अधिकारीही तो विसरतात. पाणी, ड्रेनेज, बस, शाळा यांचा विचार जागा निवडतानाच व्हायला हवा.

---

खानापूरकर_बाळू

मग करायचं काय, ते ठरवूया. आराखडा प्रसिद्ध होईल तेव्हा ६० दिवसांत धावपळ करण्यापेक्षा आत्ताच तयारी केलेली बरी नव्हे का?

---

नकाशावाली

हेच मी सुचवणार होते. मी गावांसाठी हे काम फुकट करून देईन, फक्त माहिती गावाने आणायची. सगळ्यांत आधी गावाचा सर्व्हे नंबरांचा नकाशा. तो भूमापन खात्यातून मिळतो. त्यावर गावातल्या जाणत्यांनी रंगीत खडूने भरायचं: पुराचं पाणी कुठवर येतं, दुबार पिकाची जमीन कुठली, पड किंवा मुरमाड कुठली, बैलगाडीच्या आणि पाण्याच्या जुन्या वाटा, आणि आज बॉण्डवर घरं कुठे उभी आहेत, साधारण किती. मग येत्या १० वर्षांत गावात किती नवे संसार उभे राहतील याचा अंदाज. तो घरोघरी विचारूनच निघतो, पोरांची वयं गावाला ठाऊक असतात.

ग्रामसभेत ठराव करून त्याची प्रत नियोजन प्राधिकरणाला आणि जिल्हाधिकाऱ्यांना द्यायची. पोच घ्यायची. बाळूदादा, तुमचे तीन ठराव वहीत राहिले, कारण त्यांच्यासोबत सर्व्हे नंबर नव्हते असं मला वाटतं. 'गावठाण वाढवा' या विनंतीवर टेबलावरचा माणूस काहीच करू शकत नाही. 'अमुक-अमुक सर्व्हे नंबरांतली एवढी एकर पड जमीन, मालकांची संमती सोबत' असं लिहिलं की त्याला निदान फाईल पुढे पाठवावी लागते.

आराखड्याची माहिती मराठीतही द्या, हेही त्यात लिहा. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून जास्त असतील तिथे त्यांच्या भाषेत कागदपत्रं द्यावीत, हे केंद्राने पूर्वीच मान्य केलेलं आहे. ज्या म्हातारीची जमीन जाणार तिला तो नकाशा वाचता यायला हवा, एवढीच त्यामागची मागणी. कन्नड बोलणाऱ्या शेजाऱ्यांनाही बरोबर घ्या. नाल्याचं पाणी त्यांच्याही शेतात शिरतं, बॉण्ड त्यांच्याही कपाटात आहेत.

---

हलगेकर_आप्पा

पोरांनो, मी ७६ वर्षांचा. नातू टाइप करतोय, मी सांगतोय.

आमच्या लहानपणी पाऊस लागायच्या आधी गावची माणसं नाला उपसायला जायची, घरटी एक माणूस. त्यामुळे नाल्याची हद्द कुठवर हे प्रत्येक घराला ठाऊक होतं. ते बंद झालं तशी हद्द विसरली. मला अजून ठाऊक आहे. कुठे वळतो, कुठे उथळ होतो, सगळं. माझ्याबरोबरचे तिघं-चौघं अजून आहेत, पण एकाला आता दिसत नाही. तुमच्या त्या नकाशावर भरायचं असेल तर लवकर या ओ. पावसाच्या आत या.

---

कंग्राळीकर

आप्पा, येतो. या रविवारी सकाळी ९ ला मी आणि शिवारकरी काका तुमच्याकडे. नकाशावाली ताई, तुम्हाला जमेल का? खडू आणि नकाशाची मोठी झेरॉक्स मी आणतो. बाबांचा बॉण्डही घेऊन येतो. त्याच्यावरचा सर्व्हे नंबर नकाशात नेमका कुठे बसतो ते एकदा तुमच्याकडून बघून घ्यायचंय.

---

नकाशावाली

जमेल. झेरॉक्स ए-शून्य आकाराची काढा, त्यापेक्षा लहान असली तर हिस्सा नंबर वाचता येत नाहीत. कॉलेज रोडच्या बाजूला मोठे प्लॉटर असलेली दुकानं आहेत, तिथे मिळेल.

---

अनगोळची_लेक

मीही येते. मला नकाशा वाचायला शिकायचाय.

---

हलगेकर_आप्पा

या सगळे. चहा आमच्याकडे. चालायला जमतील अशा चपला घालून या, बांधावर अजून ओल आहे.